होलीरूडच्या कमिट्या करतात तरी काय? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

एडिनबरात राहून मला आता बरीच वर्षं झाली. इथे नवीन आलेली मराठी मंडळी आणि तिकडचे नातेवाईक, दोघंही फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून टाकलंय. मी काही राज्यशास्त्राची प्राध्यापक नाही, आयटीत नोकरी करते, पण होलीरूडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या पार्लमेंटच्या, कमिट्यांचं लाइव्ह बघायचं मला व्यसन आहे. कमिट्यांची नावं दर निवडणुकीनंतर थोडीफार बदलतात, त्यामुळे खाली जी नावं आहेत ती मुख्यतः २०२१ ते २०२६ च्या सेशनमधली (इथे सेशन म्हणजे एका निवडणुकीपासून पुढच्या निवडणुकीपर्यंतचा काळ), जुन्या गोष्टींना जुनी नावं.

स्कॉटलंडला वेगळं पार्लमेंट आहे? मग लंडनचं काय?

आहे की, एडिनबरातच, होलीरूड नावाच्या भागात, म्हणून सगळे नुसतं होलीरूडच म्हणतात, आपण कसं सरकारला मंत्रालय म्हणतो तसं. ११ सप्टेंबर १९९७ ला रेफरेंडम झालं, ७४.३ टक्के मतं हो म्हणून पडली, मग १९९८ चा स्कॉटलंड अ‍ॅक्ट आणि मे १९९९ मध्ये पहिली निवडणूक. १२९ मेंबर, ७३ जण मतदारसंघातून आणि ५६ जण रीजनवार पक्षांच्या यादीतून, त्यांना एमएसपी म्हणतात. (एमएसपी म्हटलं की आपल्या डोक्यात हमीभाव, पहिले दोन महिने इथल्या बातम्या वाचताना मला वाटायचं केवढी चिंता यांना शेतकऱ्यांची.)

कामाची वाटणी अशी की लंडनने स्वतःकडे काय ठेवलं त्याची यादी कायद्यात दिली आहे: संरक्षण, परराष्ट्र, इमिग्रेशन, पेन्शन वगैरे. त्या यादीत जे नाही ते सगळं इथलं. म्हणजे हेल्थ, शाळा, पोलीस, कोर्टं, घरं, शेती, मासेमारी, रस्ते, बोटी, आणि पगारावरच्या इन्कम टॅक्सचे रेटसुद्धा. इंग्लंडात तीन बँड, इथे सहा, वरचा ४८ टक्के, पेस्लिप बघितली की फरक कळतोच. पण व्हिसाबद्दल होलीरूडला पत्र लिहू नका, त्यांच्या हातात नाहीये ते.

म्हणजे आपल्या विधानसभेसारखंच ना?

थोडंफार. मोठा फरक हा की इथे दुसरं सभागृहच नाही. विधान परिषद नाही, हाउस ऑफ लॉर्ड्स नाही. मग बिल नीट वाचणार कोण, चुका काढणार कोण, तर हे काम सुरुवातीपासूनच कमिट्यांच्या गळ्यात घातलंय. बिल आलं की आधी कमिटीकडे जातं, कमिटी लोकांना बोलावते, ऐकते आणि मूळ कल्पना बरी आहे की नाही यावर रिपोर्ट देते, तो पहिला टप्पा, त्यावर सभागृहात मतदान. दुसऱ्या टप्प्यात कमिटीत एकेक कलम घेऊन दुरुस्त्या. तिसरा टप्पा सगळ्या सभागृहासमोर. कमिटीला बाजूला ठेवून घाईघाईत बिल पास करायची सोय आहे, पण ती अगदीच आणीबाणीला वापरतात.

आपल्याकडे लोकलेखा समिती, अंदाज समिती, आश्वासन समिती, विनंती अर्ज समिती अशी सगळी घसघशीत नावं आहेत, पण बहुतेक बिलं कमिटीकडे न जाताच पास होतात. जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे पाठवलं आणि तिथे बारा हजारांवर सूचना आल्या तर ती केवढी बातमी झाली होती. इथे ते रोजचंच, बातमी वगैरे होत नाही, खरं तर कंटाळवाणं वाटावं इतकं रोजचं.

किती कमिट्या आहेत आणि कोणकोणत्या?

त्या सेशनमध्ये साधारण सोळा. हेल्थ आणि स्पोर्ट, शिक्षण, क्रिमिनल जस्टिस, घरं आणि प्लॅनिंग, शेती आणि बेटं, नेट झिरो आणि ट्रान्सपोर्ट, सोशल सिक्युरिटी, फायनान्स, पब्लिक ऑडिट, पेटिशन वगैरे. एक कमिटी फक्त नियमांचे मसुदे तपासते, म्हणजे मंत्र्याने कायद्याखाली काढलेला नियम त्याच्या अधिकारात बसतो का, शब्द नीट आहेत का. त्यांची मीटिंग कधीकधी चहा गार व्हायच्या आत संपते. काही कमिट्या नियमानेच असाव्या लागतात, बाकीच्या दर सेशनला ठरतात.

अध्यक्षाला कन्व्हीनर म्हणतात. कन्व्हीनरपदं पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटली जातात, त्यामुळे विरोधकांच्याही वाट्याला येतात. पब्लिक ऑडिटचा कन्व्हीनर तर सरकारी पक्षाचा नसतोच, आपल्या लोकलेखा समितीसारखंच.

कमिटीच्या खोलीत नेमकं चालतं काय?

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं टेबलं आपटतील, कोणीतरी कागद भिरकावेल. तसं काही नाही हो. गोलाकार टेबल, एका बाजूला मेंबर, समोर चार-पाच साक्षीदार: कोणी कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, अधिकारी, कोणी डॉक्टर, कोणी आपल्या मुलाच्या शाळेसाठी भांडून दमलेली आई. माइक स्वतः चालू करायचा नाही, आवाजवाले करतात, लाल दिवा लागला की बोलायचं, आणि नवखा माणूस दर वेळी बटण शोधत बसतो. कन्व्हीनर अत्यंत सभ्य शब्दांत सांगतो की उत्तरं जरा थोडक्यात द्या, आणि मग स्वतः पाच मिनिटांचा प्रश्न विचारतो.

खरी मजा दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला येते. पहिलं उत्तर ठरवून आणलेलं असतं, पाठ केल्यासारखं. मग कोणीतरी शांतपणे म्हणतं की तुम्ही मार्चमध्ये पाठवलेल्या पत्राच्या दुसऱ्या पानावर आकडा वेगळा आहे, तो कसा काय, आणि समोरचा अधिकारी शेजारच्याकडे बघतो आणि शेजारचा फायलीत बघतो. त्या दहा सेकंदांसाठी मी हे बघते. बोललेला शब्द न् शब्द ऑफिशियल रिपोर्टमध्ये छापून येतो आणि तो नेटवर कायमचा राहतो.

पेटिशन द्यायला किती हजार सह्या लागतात?

एक. चुकून लिहिलेलं नाहीये, एकच, तुमची स्वतःची. लंडनच्या पार्लमेंटच्या साइटवर सरकारचं उत्तर मिळायला १० हजार आणि चर्चेचा विचार व्हायला १ लाख सह्या लागतात, इथे एका माणसाच्या अर्जावरसुद्धा पेटिशन कमिटी बसून विचार करते. अट इतकीच की विषय होलीरूडच्या अखत्यारीतला हवा आणि सार्वजनिक हवा, तुमची एकट्याची केस नको.

माझ्या मते या अख्ख्या सिस्टिमचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मेशचं. बाळंतपणानंतर बायकांना लघवी रोखता न येणं, अंग खाली येणं असे त्रास होतात, त्यावर प्लास्टिकची जाळी आत बसवायचं एक ऑपरेशन सर्रास केलं जायचं. बऱ्याच जणींची जाळी आत चिरत गेली, चालता येईना, आणि डॉक्टरकडे गेलं की तुझ्या मनाचे खेळ आहेत असं सांगितलं जायचं. (हे वाक्य आपल्याकडच्या किती बायकांनी ऐकलंय ते मी सांगायला नको.) २०१४ मध्ये या बायकांनी पेटिशन दिली, काही जणी व्हीलचेअरवर कमिटीसमोर आल्या आणि जे कुजबुजतसुद्धा बोललं जात नाही ते माइकवर, रेकॉर्डवर बोलल्या. त्याच जूनमध्ये तेव्हाचे हेल्थ सेक्रेटरी (म्हणजे आरोग्यमंत्री, आपल्यासारखे सचिव नव्हेत) अ‍ॅलेक्स नील यांनी कमिटीसमोरच सांगितलं की हॉस्पिटलांना ही ऑपरेशनं थांबवायची विनंती करतोय. विनंतीच होती, त्यामुळे पुढेही काही ठिकाणी झाली. पूर्ण थांबायला २०१८ उजाडलं, आणि ज्यांनी पदरचे पैसे घालून बाहेर जाऊन जाळी काढून घेतली त्यांचा खर्च परत द्यायचा कायदा २०२२ मध्ये आला. आठ वर्षं. पण सुरुवात एका अर्जापासून.

सगळ्याच पेटिशनचं असं होत नाही. लहान मुलांच्या फुटबॉलमध्ये क्लब पोरांना कॉन्ट्रॅक्टमध्ये कसे अडकवून ठेवतात यावरची एक पेटिशन २०१० ला आली, ती २०२० मध्ये बंद झाली. ज्या पोरांसाठी अर्ज केला ती तोवर दाढी करायला लागली असणार.

ते ए-नाइन रस्त्याचं काय प्रकरण आहे?

पर्थ ते इनव्हर्नेस, साधारण १८० किलोमीटर, हायलँड्सला जायचा मुख्य रस्ता. काही पट्टा दुपदरी म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन लेनचा, मध्येच दोन्ही बाजूंना एक-एकच लेन, मग परत रुंद. ओव्हरटेकच्या नादात समोरासमोर टकरी होतात, माणसं जातात. २०११ मध्ये सरकारने सांगितलं की २०२५ पर्यंत सगळा रुंद करू. झाला नाही. हायलँड्समधल्या एका बाईंनी २०२२ मध्ये पेटिशन दिली की दिलेला शब्द पाळा, आणि रस्त्यावर गेलेल्यांचं एक स्मारकही करा.

पेटिशन कमिटीने ते असं लावून धरलं की मंत्री, अधिकारी, इंजिनिअर तर बोलावलेच, पण अ‍ॅलेक्स सॅमंड आणि निकोला स्टर्जन हे दोन माजी फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे इथले मुख्यमंत्रीच, तेसुद्धा येऊन बसले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने नवीन तारीख दिली: २०३५.

आता मुंबई-गोवा हायवेचं काम सुरू झालं तेही २०११ मध्येच, त्यामुळे माझ्या रत्नागिरीच्या मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगो, तुमच्याकडे तारीख तरी एकदाच बदलली."

बोटींचा घोटाळा म्हणतात तो काय?

घोटाळा म्हणा, गोंधळ म्हणा. पश्चिम किनाऱ्यावर बेटंच बेटं आहेत, तिथल्या लोकांचं दूध, औषध, गुरं, पोरांची परीक्षा, सगळं फेरीबोटीवर. २०१५ मध्ये पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन यार्डला दोन फेरीबोटी बांधायचं ९७ मिलियन पौंडांचं काम दिलं, ठरलेल्या किमतीत, २०१८ मध्ये मिळणार होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टर्जनबाईंच्या हस्ते त्यातली पहिली, ग्लेन सॅनॉक्स, पाण्यात सोडली तेव्हा तिच्या पुढच्या खिडक्या रंगवलेल्या होत्या. काचेच्या नाही, रंगाने काढलेल्या. पाहुण्यांसमोर लग्नघर सजवावं आणि आत किचनलाच छप्पर नसावं, तसं.

मग यार्ड डबघाईला आलं, २०१९ च्या शेवटी सरकारने ताब्यात घेतलं, खर्च ४०० मिलियनच्या वर गेला, आणि ग्लेन सॅनॉक्स अ‍ॅरन बेटाच्या मार्गावर लोकांना घेऊन निघाली ती जानेवारी २०२५ मध्ये. यात कमिट्यांनी काय केलं? डिसेंबर २०२० मध्ये ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या कमिटीने रिपोर्ट दिला आणि त्यात सरळ लिहिलं की ही सगळी व्यवस्थाच भयंकर फसलेली आहे. पुढे ऑडिटवाल्यांनी २०२२ मध्ये एक गोम काढली: बांधणाऱ्याने काम बुडवलं तर पैसे परत मिळायची पूर्ण हमी नव्हती, सरकारची स्वतःची एजन्सी याबद्दल काळजीत होती, तरी मंत्र्यांनी पुढे जा कसं म्हटलं याचा कागदच सापडेना. गंमत म्हणजे मे महिन्यात एक ईमेल सापडली! मग पब्लिक ऑडिट कमिटीने त्यावर महिनोन्‌महिने लोकांना बोलावलं आणि मार्च २०२३ मध्ये रिपोर्ट दिला.

पैसे परत आले का? नाही. कोणी जेलमध्ये गेलं का? नाही. पण आज कोणाला कुठल्या तारखेला काय माहीत होतं हे बेटावरची आजीसुद्धा वाचू शकते, ते कमिट्यांमुळे.

हेल्थ कमिटी म्हणजे फक्त हॉस्पिटलं का?

छे. दारूच घ्या. स्वस्त दारूला किमान भाव लावायचा, दर युनिटमागे (युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल) ठरावीक पेन्सच्या खाली विकायची नाही, असा प्रस्ताव होता. २०१० मध्ये सरकारकडे बहुमत नव्हतं, तेव्हा कमिटी स्टेजलाच ती तरतूद उडवली गेली. २०११ ला बहुमत आलं, २०१२ ला कायदा झाला, मग व्हिस्कीवाले कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि हरले, शेवटी १ मे २०१८ पासून ५० पेन्स लागू झाला, सप्टेंबर २०२४ पासून ६५. म्हणजे ४० टक्क्यांची ७०० मिलीची बाटली १८ पौंड २० पेन्सच्या खाली दुकानात मिळणारच नाही. ऑफर बघून लंडनच्या मित्राला फोटो पाठवायचे दिवस गेले.

सॅनिटरी पॅड फुकट द्यायचा कायदा मात्र हेल्थकडे गेलाच नव्हता, तो लोकल गव्हर्नमेंटच्या कमिटीकडे होता, कारण वाटायचं काम कौन्सिलांचं. मोनिका लेनन या विरोधी पक्षाच्या एमएसपीचं ते खासगी बिल, नोव्हेंबर २०२० मध्ये एकमताने पास झालं. आमच्या लायब्ररीच्या टॉयलेटमध्ये आज टोपली ठेवलेली असते, कोणी विचारत नाही, लागेल ते घ्या. विरोधी मेंबरचं बिल एकमताने, हे दोनदा वाचा.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे इच्छामरणाचं. लियम मॅकआर्थर यांचं बिल हेल्थ कमिटीने महिनोन्‌महिने ऐकलं, डॉक्टर, धर्मगुरू, अपंगांच्या संघटना, मरणाच्या दारात असलेल्यांची घरची माणसं. शेवटी कमिटीने मूळ प्रश्नावर हो किंवा नाही सांगितलंच नाही, ज्याने त्याने विवेकाने ठरवावं असं म्हटलं, आणि मे २०२५ मध्ये पहिल्या टप्प्याचं मतदान ७० विरुद्ध ५६ असं झालं. काही जण याला पळवाट म्हणाले. मला तसं वाटलं नाही, तो रिपोर्ट वाचून माझं स्वतःचं मत जरा हललं, आणि ते कुठल्या बाजूला ते इथे लिहीत नाही.

ट्रम्प खरंच कमिटीसमोर आले होते?

हो हो, २५ एप्रिल २०१२. अ‍ॅबर्डीनजवळ त्यांचं गोल्फ कोर्स आणि समोर समुद्रात पवनचक्क्या होणार म्हणून चिडले होते. एनर्जी आणि टुरिझमवाल्या कमिटीची चौकशी चालू होती, तिथे साक्ष दिली. पवनचक्क्यांनी टुरिझम बुडेल म्हणता, तर पुरावा काय, असं मेंबरांनी विचारलं. ते म्हणाले, मीच पुरावा आहे. व्हिडिओ आहे, बघा. पुढे सुप्रीम कोर्टातही हरले, आणि अकरा पवनचक्क्या २०१८ पासून तिथे फिरतायत.

सॅमन माशावर कमिटी? खरंच?

खरंच, आणि हसू नका. हा आपला रावस नव्हे, हा समुद्रात जाळ्यांच्या पिंजऱ्यात पाळतात, करोडोंची एक्सपोर्ट आहे आणि हायलँड्समध्ये नोकऱ्या त्यावर आहेत. पण पिंजऱ्यातल्या माशांच्या अंगावर उवा होतात, त्या शेजारच्या नदीत जाणाऱ्या जंगली माशांना लागतात, मासे मोठ्या संख्येने मरतात. याचीही सुरुवात एका पेटिशननेच झाली. २०१८ मध्ये दोन कमिट्यांनी मिळून सांगितलं की आहे तसं चालू ठेवणं मान्य नाही. सहा वर्षांनी शेती आणि बेटांच्या कमिटीने पुन्हा तपासलं आणि जानेवारी २०२५ च्या रिपोर्टमध्ये म्हटलं की कामाची गती निराशाजनक आहे. कमिटी परत मागे वळून बघते हे मला आवडलं, भले सरकारचा सरकणारा पाय गोगलगायीचा असेना.

कमिटीने सांगितलं की सरकारला ऐकावंच लागतं का?

नाही, आणि हीच खरी गोम. सरकारने साधारण दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यायचं असतं, पण उत्तर देणं आणि ऐकणं वेगळं. आम्ही या शिफारशीची नोंद घेतली आहे, हे वाक्य मराठी सरकारी पत्रात वाचा की इंग्लिश, चव तीच.

सभागृहही ऐकेल असं नाही. कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करण्यावर बंदीचं बिल होतं, ग्रामीण कमिटीने सांगितलं पास करू नका, तरी फेब्रुवारी २००२ मध्ये ८३ विरुद्ध ३६ ने पास झालं. उलट बाजूचं उदाहरण नॅशनल केअर सर्व्हिसचं. म्हाताऱ्यांच्या आणि अपंगांच्या देखभालीची एकच राष्ट्रीय सेवा करायचं बिल जून २०२२ मध्ये आलं, फायनान्स कमिटीने खर्चाचा कागद बघितला आणि म्हटलं यावर आम्ही काही ठरवूच शकत नाही, हिशोब नीट आणा. तिथून जी गळती लागली ती जानेवारी २०२५ मध्ये मूळ कल्पनाच सोडून देण्यापर्यंत. उरलेलं बिल दुसऱ्या नावाने पास झालं.

दुसरी अडचण पक्षाची. १२९ मधून मंत्री वगळा, उरलेल्यांनी सोळा कमिट्या चालवायच्या, त्यामुळे एकेक जण दोन-दोन कमिट्यांत, आणि स्वतःच्याच पक्षाच्या मंत्र्याला घाम फोडायचा तर पुढचं तिकीट डोळ्यांसमोर. २०१७ मध्ये पार्लमेंट सुधारण्यासाठी नेमलेल्या एका आयोगाने सुचवलं होतं की कन्व्हीनर पक्षाने नेमू नका, मेंबरांनी मतदानाने निवडा. माझ्या मते हे पहिल्याच दिवसापासून हवं होतं.

कमिटी स्वतः कायदा आणू शकते का?

आणू शकते आणि आणलाय. २००१ चा प्रोटेक्शन फ्रॉम अब्यूज कायदा हा पहिला, जस्टिस कमिटीने स्वतः बनवलेला. घरात मारहाण, छळ होत असेल तर कोर्टाच्या मनाई हुकमाला अटकेचा अधिकार जोडता येतो, लग्न झालेलं असो नसो. मुलांच्या हक्कांसाठी कमिशनर नेमायचा २००३ चा कायदाही कमिटीचाच. पण असं वारंवार होत नाही, बिल लिहायला वेळ लागतो आणि वेळ कोणाकडेच नाही.

मेंबरनेच काही भानगड केली तर?

त्याला स्टँडर्ड्स कमिटी आहे. मायकल मॅथेसन, तेव्हाचे हेल्थ सेक्रेटरी, मोरोक्कोला सुट्टीवर गेले, पार्लमेंटचा आयपॅड सोबत, पोरांनी त्याचा हॉटस्पॉट लावून फुटबॉल मॅच बघितल्या, रोमिंगचं बिल जवळपास ११ हजार पौंड. आधी ते पब्लिकच्या पैशातून भरलं गेलं, नंतर त्यांनी परत केलं, मग मंत्रिपद गेलं. कमिटीने सभागृहाच्या कामकाजाचे २७ दिवस निलंबन आणि ५४ दिवसांचा पगार कापायची शिफारस केली, मे २०२४ मध्ये सभागृहाने ती मानली. घरोघरी आईबापांनी पोरांना दाखवावी अशी ही बातमी.

कमिटीने तपासलं, पार्लमेंटने पास केलं, तरी लंडन अडवू शकतं?

शकतं. जेंडर रेकग्निशनचं, म्हणजे कायद्याच्या कागदावर आपलं लिंग बदलून घेणं सोपं करायचं, बिल डिसेंबर २०२२ मध्ये ८६ विरुद्ध ३९ ने पास झालं, पुढच्याच महिन्यात लंडनने स्कॉटलंड अ‍ॅक्टचं कलम ३५ पहिल्यांदाच वापरून रोखलं. ते कायमचं लटकलं.

माझ्या घराला ओल आलीय, घरमालक फोन उचलत नाही. कमिटीकडे जाऊ?

जाऊ नका, मी प्रयत्न केलाय. आमच्या जुन्या फ्लॅटच्या बेडरूमच्या भिंतीला काळी बुरशी, कपाटातल्या पैठणीला वास, आणि एजन्सीचं एकच उत्तर की खिडक्या उघडा. जानेवारीत! मी तावातावाने पेटिशन लिहायला घेतली आणि मग नियम वाचला की वैयक्तिक केस चालत नाही. त्यासाठी भाडेकरूंचं ट्रिब्युनल आहे, तिथे अर्जाला पैसेही लागत नाहीत.

पण एक करता येतं. घरांच्या कमिटीकडे बिल आलं की ते कॉल फॉर व्ह्यूज काढतात, म्हणजे कोणीही लेखी म्हणणं मांडा. २०२४ मध्ये हाउसिंग बिलाच्या वेळी मी दोन पानं खरडली, भाडं, ओल, सगळं. कोणी फोन केला नाही, बोलावलं नाही. ते बिल सप्टेंबर २०२५ मध्ये पास झालं, ज्या भागात भाडं नियंत्रण लागेल तिथे महागाई अधिक १ टक्का, जास्तीत जास्त १० टक्के एवढीच वाढ. माझ्या दोन पानांनी काही झालं असा माझा दावा नाही. लिहिताना एक टिप: तुमचा अनुभव लिहा, तारीख लिहा, किती पौंड ते लिहा. उपदेश करणारी पत्रं त्यांना पोत्याने येतात.

भारतीय पासपोर्ट आहे, आपल्याला यात काही अधिकार?

आहे आणि बहुतेकांना माहीतच नाही! व्हिसावर कायदेशीर राहत असाल तर कॉमनवेल्थ नागरिक म्हणून होलीरूडच्या निवडणुकीत मत देता येतं, फक्त मतदार यादीत नाव घाला. वय १६ पुरे, म्हणजे इथे शाळेत जाणारी तुमची पोरगीसुद्धा. पेटिशनला तर नागरिकत्वाचा प्रश्नच येत नाही.

प्रत्यक्ष बघायला जाता येतं का?

येतं, फुकट. कमिट्या बहुतेक मंगळवार, बुधवार, गुरुवार सकाळी बसतात. आदल्या आठवड्यात साइटवर अजेंडा बघून ठेवा, नाहीतर तुमच्या नशिबी नियमांचे मसुदे यायचे. एअरपोर्टसारखं चेकिंग आहे, त्यामुळे अर्धा तास आधी पोचा. बिल्डिंगही बघा, एन्रिक मिराएस या कॅटलान आर्किटेक्टची, तो बांधकाम चालू असतानाच २००० मध्ये वारला, सुरुवातीचा अंदाज १० ते ४० मिलियनचा आणि शेवटी बिल ४१४ मिलियन पौंड, २००४ मध्ये उघडली. त्याचीही चौकशी झालीच.

अजेंडात शेवटचा विषय बहुतेक वेळा खासगीत असतो. कन्व्हीनर तसं जाहीर करतो, कॅमेरा बंद होतो आणि आपल्याला उठावं लागतं. तेव्हा मुख्य साक्ष पहिल्या तासात ऐकून घ्या, आणि खाली कॅफेत जायचं तर बाराच्या आत, नंतर शाळांच्या सहली येतात.